झाकणावरचं नाव

लवंगीच्या पोटात दुखायला लागलं ते मुंगी त्यांच्या घरी राहायला आली त्या दिवसापासून. डॉक्टरला दाखवून बरं होईल असलं हे दुखणं नव्हतंच. मुंगीने आल्याआल्या चपला जोडीने कोपऱ्यात ठेवल्या, लवंगीच्या आईला म्हणाली, "मावशी, तू बस गं, चहा मी टाकते," आणि आई चक्क बसली! लवंगीने जन्मात आईला असं पाय पसरून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बघ," आई कप हातात घेत म्हणाली, "शिक जरा."

झालं. ठिणगी पडली ती तिथेच.

लवंगी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. बोलली की समोरच्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढते म्हणून बाबांनी ठेवलेलं. आणि मुंगी अंगाने एवढीशी, पण कधीही बघा, स्वतःहून मोठं काहीतरी उचलून चाललेली. कधी पुस्तकांचा गठ्ठा, कधी बादली, कधी मावशीची पिशवी. दोघी सख्ख्या मावसबहिणी, एका वयाच्या, आता एका वर्गातल्या. मुंगीच्या गावातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र नव्हतं, म्हणून लवंगीच्या खोलीत दुसरी कॉट पडली.

खोलीच्या खिडकीत एक कुंडी होती. लवंगीने हौसेने आणलेली आणि तितक्याच हौसेने विसरलेली. झाडाची कधीच काटकी झाली होती. मुंगी रोज सकाळी त्यात भांडंभर पाणी ओतायची.

"मेलेल्या झाडाला पाणी घालतेस?" लवंगीने एकदा विचारलं. "वेड लागलंय का तुला?"

"झाड मेलंय," मुंगी म्हणाली. "माती नाही."

लवंगीने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

तरी इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण दुसऱ्या वर्षात मॅडमनी वर्गात येऊन सांगितलं की परदेशातल्या एका नामांकित प्रयोगशाळेत उन्हाळाभर संशोधन करायला कॉलेजातल्या मुलांना बोलावणार आहेत. काम बुरशीवरचं. अर्जासोबत स्वतः केलेल्या एका छोट्या प्रयोगाचा फोटो पाठवायचा. "आणि आपल्या कॉलेजातून घेणार एकालाच," मॅडम म्हणाल्या.

एकालाच! लवंगीने मागे वळून पाहिलं. मुंगी आधीच लिहून घेत होती.

लवंगीला ती जागा हवी होती. म्हणजे कशी? पहिलीपासून ती घरात सांगत आली होती की मी मोठी शास्त्रज्ञ होणार. तेव्हा कुठे होती ही मुंगी? स्वप्न आपलं, खोली आपली, आई आपली, आणि प्रत्येक ठिकाणी ही बया शेजारी कॉट टाकून हजर!

प्रयोग तसा साधा होता. पेट्री डिश, म्हणजे झाकण असलेली चपटी पारदर्शक बशी. तिच्यात बुरशी पेरायची आणि मधोमध कुठल्यातरी मातीतून काढलेल्या जिवाणूंचा एक ठिपका ठेवायचा. जिवाणू दमदार असले तर बुरशीला जवळ येऊ देत नाहीत. ठिपक्याभोवती मोकळं कडं राहतं, चंद्राला खळं पडावं तसं. जिवाणू लेचेपेचे असले तर बुरशी सरळ त्यांच्या अंगावरून चालत जाते. माती कुठली, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

"तू कुठली घेतलीस?" लवंगीने विचारलं.

"सांगते नंतर," मुंगी म्हणाली.

बघा! लपवाछपवी! लवंगीने स्वतः बागेच्या कुंपणापासून खेळाच्या मैदानापर्यंत चार ठिकाणं उकरली होती आणि सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलीही होती.

"नाव बशीच्या बुडावर लिहा," मॅडम पहिल्या वर्षापासून घसा कोरडा करून सांगत आल्या होत्या. "झाकणावर नाही. झाकण काय, आज हिच्या डोक्यावर, उद्या तिच्या." मुंगीने बशी उलटी करून बुडाच्या कडेला बारीक, मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरं काढली. लवंगीने झाकणावर मार्करने टोकदार शेपटीसकट सही ठोकली. बुडावर लिहिलेलं दिसणार कोणाला?

बश्या उबेच्या कपाटात गेल्या आणि लवंगीचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. फक्त बघायचं, हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावत तिने कपाट उघडलं आणि दोन्ही बश्या ओट्यावर ठेवल्या. झाकणातून धुरकट दिसत होतं, म्हणून दोन्ही झाकणं उचलली. तिच्या बशीत पांढुरका थर आणि मध्ये ठिपका. मुंगीच्या बशीत पांढुरका थर आणि मध्ये ठिपका. कड्याचा पत्ता नाही, ना हिच्यात ना तिच्यात. लवंगीला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. तिने झटपट झाकणं टाकली, बश्या आत सरकवल्या आणि हात धुवत, गुणगुणत उभी राहिली.

आठवड्याअखेर तिने स्वतःची सही असलेली बशी बाहेर काढली आणि किंचाळलीच. बुरशी दाट राखाडी गालिच्यासारखी पसरली होती, आणि मधोमध लखलखीत, गोल, कंपासने काढावं तसं कडं!

मुंगी कपाटात शोधत होती. शेवटी उरलेली बशी तिने उलटी करून पाहिली. "माझं नाव पुसलं गेलं वाटतं," ती म्हणाली. "टेबल पुसताना स्पिरिट लागलं असेल." त्या बशीत बुरशी ठिपक्यावरून बिनधास्त चालून गेली होती.

"अरेरे," लवंगी म्हणाली. तोंडाने अरेरे, आणि मनात ताशे वाजत होते.

लवंगीने बशी काळ्या कागदावर ठेवून फोटो काढला आणि अर्जात धबधब्यासारखं लिहिलं. मुंगीने आपल्या बोडक्या बशीचा फोटो लावला आणि लिहिलं की कडं पडलं नाही, माती चुकली असेल किंवा मी, पुन्हा करून पाहते आहे. ते वाचून लवंगीला तिची कीव आली. खूप दिवसांनी ती बहिणीशी गोड बोलली. एका रात्री तर तिने मुंगीचं पांघरूणही सारखं केलं.

आणि मुलाखतीचं बोलावणं दोघींना आलं.

"हिला कशाला?" लवंगीच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे काय?" आई म्हणाली. "हुशार आहे ती."

मुलाखत व्हिडिओ कॉलवर, एकीमागून एक, बश्या हाताशी ठेवून. घरात लॅपटॉप एकच आणि खोली एकच. बाबांनी शेजाऱ्यांच्या दारावर थाप मारून टीव्ही हळू करून घेतला. मुंगी दाराबाहेर स्टुलावर बसली, मांडीवर डबा आणि डब्यात तिची ती बोडकी बशी.

पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. प्रश्न इंग्रजीत, पण घाई नाही. लवंगी सुटली ती सुटलीच. बाई हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "फार देखणं कडं आहे. बशी आहे ना जवळ? जरा खालून दाखवता? कडेची रेघ मला खालच्या बाजूने बघायची आहे."

लवंगीने डब्यातून बशी काढली, उलटी केली आणि ऐटीत कॅमेऱ्यासमोर धरली.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिला स्वतःची बोटं दिसली, बशीचं बूड दिसलं, आणि त्या बुडाच्या कडेला मुंग्यांची एक बारीक रांग.

तिने बशी वळवून डोळ्यांसमोर आणली. मुंगीचं नाव. मुंगीचं अक्षर. तिच्या डोळ्यांपुढे ती जेवणाची सुट्टी आली, जिन्यावरच्या चपला आल्या, ओट्यावरची दोन उघडी झाकणं आली. आज हिच्या डोक्यावर, उद्या तिच्या!

"तिथे काहीतरी लिहिलंय ना?" बाईंनी सहज विचारलं.

तारीख आहे, एवढं म्हणायचं होतं. ती मराठी अक्षरं बाईंना कुठे वाचता येणार होती? दोन शब्द, आणि विमान, प्रयोगशाळा, आईचे भरून आलेले डोळे, सगळं लवंगीचं. शब्द जिभेवर आलेसुद्धा. पण त्यांच्यामागून आणखी एक विचार आला आणि तो लवंगीला असा डसला की ती खुर्चीत ताठ झाली. ही जागा मिळाली तर ती मुंगीच्या कड्यामुळे मिळणार. तिथे गेल्यावर रोज जे कौतुक होईल ते मुंगीचं होईल, फक्त ऐकणार लवंगी. म्हणजे सातासमुद्रापार जाऊनसुद्धा शेजारी मुंगीची कॉट आहेच! छे! मुंगीचं उष्टं? मेले तरी नाही.

"हे माझ्या मावसबहिणीचं नाव आहे," ती म्हणाली. आवाज रडका नव्हता, रागावलेला होता. "बशी तिची आहे. मी तिची बशी चोरून बघितली, तेव्हा झाकणं बदलली. मी नाव झाकणावर लिहिलं होतं. मला हे आत्ता, तुमच्यासमोर कळलं. पुढची मुलाखत तिचीच आहे. ती बाहेर बसली आहे, माझी बशी घेऊन."

"झाकणावर?" बाई म्हणाल्या आणि कपाळाला हात लावला. अगदी मॅडमसारखा!

लवंगी बाहेर आली आणि बशी मुंगीच्या पुढ्यात धरली. "घे. ही तुझी. तुझी बशी उघडली तेव्हा झाकणं बदलली. जा आत."

मुंगीने बूड पाहिलं, झाकण पाहिलं, लवंगीकडे पाहिलं. जन्मात आवाज न चढवणारी मुंगी एकदम कडाडली. "तू माझी बशी उघडलीस? उघड्यावर? हातमोजे न घालता?"

"एवढंच कळलं तुला?"

"काहीही पडलं असतं आत! अक्कल गहाण ठेवलीस का?"

"अगं भांडा नंतर!" आई स्वयंपाकघरातून धावत आली. "त्या बाई वाट बघतायत!"

जागा मुंगीला मिळाली. घरात नुसती धांदल उडाली. आईने कपाटावरची सगळ्यात मोठी बॅग काढली, बाबा बॅग पाठीवर घेऊन घरभर फिरून वजनाचा अंदाज घेऊ लागले, मुंगीच्या आईचे दिवसातून तीनदा फोन. लवंगीला वाटलं होतं, खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात, तर आपलंही होईल. कसलं काय! पोट पहिल्यापेक्षा जास्त दुखत होतं. बॅगेत घातलेला प्रत्येक स्वेटर तिला टोचत होता.

"मुंगीला पंख फुटले," ती दारात उभं राहून म्हणाली. म्हणायचं होतं टोचून, पण बाबा खो-खो हसले आणि मग मुंगीही हसली. टोमणासुद्धा आपला राहिला नाही!

निघायच्या आदल्या दिवशी लवंगीने विचारलंच. "आता तरी सांग. माती कुठली होती?"

मुंगी मोजे गुंडाळत होती. तिचे कान लाल झाले. "रागावशील."

"रागावलेलीच आहे. बोल."

मुंगीने खिडकीकडे बोट दाखवलं. "तुझ्या कुंडीतली. विचारणार होते, पण तू बोलत कुठे होतीस माझ्याशी?"

लवंगी आ वासून कुंडीकडे बघत राहिली. काटकी तशीच उभी, खाली ओली काळी माती. कुंडी आपली, खिडकी आपली, आणि कडं तिचं! तिला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हसूही फुटायला लागलं, आणि दोन्ही घशात एकमेकांना आडवं येऊन तिला ठसका लागला. मुंगीने पाणी आणून दिलं. अर्थातच.

"पुष्कळ आहे अजून," मुंगी म्हणाली. "घे ना. पुढच्या वर्षीही जागा आहे."

"तुझी माती नको मला."

"तुझीच आहे गं, लवंगे!"

मुंगी गेली. दुसरी कॉट रिकामी झाली, तरी लवंगीची नजर तिच्याकडे जातच राहिली. सोमवारी सकाळी तिने आधी कुंडीत भांडंभर पाणी ओतलं. मग चमचा घेतला, चिमूटभर माती उकरली आणि कॉलेजात जाऊन नवीन बशी घेतली. बशी उलटी केली. मार्कर काढला आणि बुडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आपलं पूर्ण नाव लिहिलं, शेपटीसकट.

"बुरशीला जागा ठेव जरा," मागून मॅडम म्हणाल्या.