पहिला घास कुणाचा

आमच्या वस्तीत म्हातारा धुळाप्पा म्हणजे एकटाच सरकार, एकटाच कोर्ट आणि फौजदारही तोच. सांगोल्याकडची मेंढरं विकून आम्ही धनगर सोलापूरच्या गिरणीत आलो, तरी जातीचा मुख्य तोच राहिला. नियम तो करायचा, चूक तो पकडायचा आणि वाळीतही तोच टाकायचा. माझ्या थोरल्या बहिणीला, बाळाबाईला, त्यानं असंच वाळीत टाकलं. बाई तापानं फणफणलेली. मिशनच्या दवाखान्यात नेली, तिथं ती किरिस्तावांच्या हातची दोन वाट्या पेज प्याली. एवढाच गुन्हा.

तिची पोर महानंदा, तिचं लग्न सांगोल्याला ठरलेलं होतं. व्याही वर्षभर थांबले आणि मग त्यांनी निरोप धाडला, अक्षय तृतीयेच्या आत पोरीची आई वाळीतून सुटली तर सोयरीक, नाहीतर रामराम. मी आतून जळत होतो. पण धुळाप्पा दिसला की मी वाट बदलायचो.

त्या दिवसांत मी एका अमेरिकन साहेबाच्या बागेला पाणी घालायला होतो. साहेब मराठी झकास बोलायचा, फक्त एकेक गोष्ट तीनदा सांगायचा. एकदा मी विचारलं, "सायेब, तुमच्याकडं राजा न्हाय म्हंत्यात. मग हुकूम कोन सोडतं?"

साहेबाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं काठीनं वाफ्यात तीन चौकोन काढले. "हे कायदा करणारे. हा कायदा चालवणारा, चार वर्षांसाठी निवडलेला. आणि हे न्याय देणारे, ते मरेपर्यंत. एकाचं काम दुसऱ्यानं करायचं नाही."

"आन ह्यानं वाकडं क्येलं तर?"

"करणाऱ्यांचा कायदा चालवणारा अडवू शकतो. मग करणाऱ्यांपैकी तीनांत दोघांनी तोच कायदा पुन्हा केला, तर त्याला गप्प बसावं लागतं. आणि न्यायाधीश म्हणाले की कायदा मूळ कागदाला धरून नाही, तर कायदाच रद्द."

"न्यायाधीश नेमतं कोन?"

"चालवणारा. पण करणाऱ्यांतल्या थोरल्या सभेनं मान डोलवली तरच."

माझं डोकं गरगरलं. सगळ्यांचे हात सगळ्यांच्या मानेवर! "मग ह्या तिघांत मोटा कोन?"

"कोणीच नाही!" साहेब टाळी वाजवून म्हणाला. "मोठे कोण, तर सगळे लोक. ज्यांनी कागद लिहिला ते."

कोणीच नाही, हे मला फार आवडलं. धुळाप्पा नाही, असाच मी त्याचा अर्थ घेतला.

गिरणीतली तरणी पोरंही म्हाताऱ्याला कंटाळली होतीच. एका रविवारी सुट्टीच्या दिवशी बैठक भरली आणि मी चौकोन समजावले. निम्मे मला समजले नव्हते, पण मी जोरात बोललो. येडू आणि त्याचे चौघे नियम करणार. भीमा कारभारी, चार वर्षं. आप्पा न्यायाला, तो मरेपर्यंत. आप्पा सत्तरीचा होता, त्यामुळे कुणाला ते जड गेलं नाही. सगळं मी वहीत उतरवलं. धुळाप्पा तंबाखू मळत एवढंच म्हणाला, "करा की. मला बी जरा इसावा."

पहिलाच ठराव बाळाबाईचा. येडूच्या पाचांनी नियम केला की आजारात प्यालेली पेज हा गुन्हा नाही. भीमानं तो अडवला. का, तर आधी त्याला कुणी विचारलं नाही. मग पाचांपैकी चौघांनी तोच नियम पुन्हा केला. भीमा तणतणत घरी गेला. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी आप्पानं निकाल दिला, बाई निर्दोष. मी आनंदानं पटका उडवला.

अक्षय तृतीया दोन दिवसांवर होती. त्याच दुपारी बाळाबाईनं भाकरी, हुलग्याची आमटी आणि खीर रांधली. आमच्यात वाळीतलं माणूस जातीत परत येतं ते असं. मुख्य माणूस त्या घरी जाऊन पहिला घास खातो, मग जात पंगतीला बसते. तोवर निकाल म्हणजे नुसतं बोलणं. वहीतही मी तसंच लिहिलं होतं, मुख्यानं पहिला घास घ्यावा. वाडवडलांपासून चालत आलेलं, ते कोण बदलणार?

ताट वाढलं. सारी वस्ती अंगणात उभी. कुणी हलेना.

येडू म्हणाला, "आमचं काम नेम करायचं. क्येला. चालवायचं भीमानं."

भीमा म्हणाला, "वहीत मुख्य लिवलंय. म्या कारभारी. आन ज्यो नेम म्या अडवला, त्येचा घास म्याच गिळू व्हय?"

आप्पा म्हणाला, "म्या निकाल दिला. न्याय करनाऱ्यानंच जेवायचं म्हंजे येकाचं काम दुसऱ्यानं क्येलं की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी वही उलटीसुलटी चाळली. मुख्याचा घास होता, पण मुख्य कुठंच नव्हता. मीच त्याला काढला होता! घाबरून मी धुळाप्पाकडं वळलो. "आज्जा, तुमी..."

"मला तर तुमीच उतरवलंय," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानं मला जास्तच लाज वाटली. खिरीवर साय धरत होती. महानंदा दाराआड उभी होती. कुणीतरी म्हणालं, पुढच्या रविवारी बैठक घेऊ. पुढच्या रविवारी तृतीया उलटून गेलेली असणार होती.

तेव्हा बाळाबाई उंबऱ्यात आली. "धुळाप्पा वाईट हुता, पर त्याला शिव्या तरी देता येत हुत्या. आता म्या कुनाला शिव्या देऊ, ज्ञानू?"

"आक्का, तसं न्हवं. हे तीन चौकोन हायत..."

"तू कंच्या चौकोनात हाईस?"

मी कुठल्याच चौकोनात नव्हतो. मी तसं म्हणालो.

"मग तुला कुनी अडवलंय?" ती म्हणाली. "वरीस झालं, दाराशी भाकरी ठिवून पळतोस. येकदा तरी माज्या घरात बसून जेवलास का?"

आधी मी धुळाप्पाला भ्यालो होतो आणि आता माझ्याच वहीला भीत होतो. साहेबाला हे कसं सांगितलं असतं, कोण जाणे. मी वही येडूच्या हातात दिली, वाकून आत गेलो आणि ताटावर बसलो. घास तोंडात घातला. आमटी गार होती.

बाहेर कुजबुज उठली. हे चालतं का? भीमानं आप्पाला विचारलं. आप्पा म्हणाला, "कुनी तक्रार आनली तर बगू. आनलीया का कुनी?"

कुणी आणली नाही. माझा घास नियमाला धरून होता की नव्हता, मला आजही सांगता यायचं नाही. मी मान खाली घालून खात होतो. बाहेर उंबऱ्याशी कुणीतरी वहाणा काढल्याचा आवाज आला, मग आणखी कुणी. मागं बघायचा धीर मला होत नव्हता.

भाकरी संपली तसा मी हात पुढं केला. "अजून येक वाड, आक्का."

बाळाबाई वाढायला वाकली आणि मटकन खाली बसली. "वरीसभर," ती रडत म्हणाली, "माज्या घरात कुनी दुसरी भाकर मागितली न्हाय रं."