दत्तोबांनी हात उचलला की नाही

दिल्लीच्या कोर्टातला खटला आपण जिंकलो, हे सोजरबाईला फोनवर कळलं. नातू इंद्रजीत हडपसरच्याच एका काचेच्या इमारतीत कामाला. तिथं पूर्वी सोजरबाईच्या चुलत दिराचा ऊस उभा असायचा. आता ही पोरं थंड हवेत बसून कुठल्या कुठल्या देशांची कामं करतात आणि घरी आल्यावर पाठ दुखते म्हणतात. त्यानं तिथल्या कॉम्प्युटरवर निकाल वाचला आणि सगळ्या ऑफिसादेखत ओरडला, "आजी, जिंकलो! कंपनीचं अपील डिसमिस!"

"बरं. आणि त्यांनी मारलं नाय, हे लिवलंय का?"

"आजी, तो पॉइंट वेगळा आहे गं."

"वेगळा कसा? तेवढाच तर हाय," म्हणाली, आणि फोन ठेवला.

सोलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तिचे मालक, म्हणजे नवरा दत्तोबा, लेथ मशीनवर कामाला होते. देशात नवं वारं सुटलं, परदेशी माल येऊ लागला, तसे कारखान्यातले साहेब माणसं कमी करायला निमित्तं शोधू लागले. त्यातच एक दिवस दिगंबर नावाच्या सुपरवायझरनं तक्रार केली, की दत्तोबांनी भर पाळीत आपल्या थोबाडीत मारली. साहेबांनी आतल्या आत चौकशी उरकली आणि दत्तोबांना घरी बसवलं. वर पोलिसात फिर्याद.

फौजदारी खटल्यात सगळे कामगार म्हणाले, आम्ही खाली मान घालून काम करत होतो, काही पाहिलं नाही. दत्तोबा सुटले. त्या दिवशी सोजरबाईनं आळीभर साखर वाटली आणि ज्यांनी तोंडं वाकडी केली त्यांना दुप्पट दिली, म्हणाली, "घ्या, तुमच्या जिभेला जास्त लागंल."

पण नोकरीचा खटला निराळाच चालला. कामगार न्यायालयात दत्तोबा जिंकले, तर कंपनी मुंबईच्या हायकोर्टात गेली. तिथं जिंकले, तर दिल्लीला. मधेच दत्तोबा गेले. मग वारस म्हणून कागदावर सोजरबाईचा अंगठा लागला, आणि ज्या भांडणात ती नुसती बाजू घेत होती, ते भांडणच तिचं झालं.

या एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याला एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही मारलं का? विचारणं म्हणजे शंका घेणं, अशी तिची समजूत. न विचारताच तिनं साऱ्या गावाला सांगून टाकलं, की आमच्या माणसानं हात उचलला नाही. ती असं बोलत असली की दत्तोबा ताटातला घास चिवडत बसायचे. गरीब स्वभाव, दुसरं काय, असं तिला वाटायचं.

निकालाआधी ती दिल्लीलाही जाऊन आली होती. तिची कल्पना अशी, की हे सगळ्यात मोठं कोर्ट, म्हणजे इथं सगळ्यात नीट चौकशी होणार. कामगारांना बोलावतील, त्या दिगंबरला उभं करतील, तिलाही विचारतील. तिनं मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं. पण तिथं साक्षीदाराचा पिंजराच नव्हता. दोन न्यायाधीश, ढीगभर कागद, काळे कोट. कंपनीचा वकील म्हणाला, आम्ही कामावरून काढल्याऐवजी दत्तोबा आपखुशीनं निवृत्त झाले असं धरायला तयार आहोत, मिटवून टाकू. इंद्रजीतनं ते तिच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी ना चोर, ना साव? नको. मारलं नाय म्हणून लिवून द्या." तिच्या वकिलानं पुढं काय सांगितलं कोण जाणे. न्यायाधीशांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पान उलटलं. गरम चहा प्यायजोगा होईस्तोवर सगळं आटोपलं होतं. परतीच्या गाडीत इंद्रजीत झोपला. ती खिडकीशी जुळवून ठेवलेलं बोलणं घेऊन बसली. ते ऐकायला कुणी नव्हतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून शिवाजीनगरला, मंदाकिनी वकीलबाईंकडं गेली. खालच्या कोर्टापासून त्यांनीच कागद सांभाळले होते.

"सोजरबाई, अहो अभिनंदन! पेढे कुठायत?"

"आधी मला सांगा, हे गेले ते निर्दोष गेले का?"

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला. "हे पाहा, दिल्लीचं कोर्ट पुरावा नव्यानं तपासत नाही. खालच्यांनी कायदा नीट लावला का, एवढंच बघतं. चौकशीत दत्तोबांना आपल्या बाजूनं बोलायला सोबती हवा होता, तो दिला नाही. म्हणून चौकशी रद्द. चौकशी रद्द, म्हणून काढणं रद्द. मरेपर्यंत ते कामावरच होते असं धरायचं."

"आणि थोबाडीत?"

"त्यावर आम्ही काही म्हणत नाही, असं कोर्ट म्हणालंय."

"आणि त्या फौजदारीत सोडलं ते?"

"तिथं पुरावा पक्का लागतो. तो मिळाला नाही म्हणून सोडलं. नोकरीच्या खटल्यात तेवढा पक्का लागत नाही. एकाच गोष्टीला दोन तराजू असतात."

"एवढाली कोर्टं बांधली," सोजरबाई म्हणाली, "आणि एका थोबाडीचा पत्ता लागंना. आमच्या आळीतल्या बायकांनी दुपारच्याला लावला असता."

मंदाकिनीबाई हसल्या. सोजरबाई हसली नाही. तिनं विचारलं, "तो दिगंबर कुठं राहतो?"

सदाशिव पेठेत, एक जिना चढून वर, खाली मुलांचे क्लास चालतात त्या इमारतीत तो राहत होता. दारावर पाटी: 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.' सोजरबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वाजवली.

दार उघडलं तो म्हातारा पांढऱ्या बनियनवर होता. मागं घर रिकामं.

"आपण कोण?"

"दत्तोबांच्या घरची. हडपसरची."

त्यानं शर्ट घातला, बटणं खालीवर लावली, आणि तिला खुर्ची दिली. "निकाल कळला मला. जिंकलात. आता काय राहिलं?"

"तुमच्याबिगर कुणाला ठावं नाय म्हणून आले. दुसरा हुता तो गेला. त्यांनी तुमाला मारलं का?"

"अहो, मी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं की."

"तिथं कंपनीचे साहेब मागं बसले हुते. इथं कोण नाय."

खालच्या क्लासातला गलका येत होता, ती खिडकी म्हाताऱ्यानं लावून घेतली.

"मारली," तो म्हणाला. "एकच. चांगली सणसणीत."

म्हाताऱ्यानं शर्टाचं चुकलेलं बटण काढून पुन्हा लावलं.

"पण चूक माझी होती. मी त्यांना सगळ्यांदेखत म्हणालो, घरी बायकोपुढे तोंड उघडायची छाती नाही, आणि इथे आम्हाला उलट बोलता होय? सगळे कामगार हसले. कारखान्यात माहीत होतं ना सगळ्यांना, की तुमच्यापुढे ते... असो. त्यावर म्हणाले, माझ्या बायकोचं नाव तुझ्या तोंडी नको. आणि दिली." त्यानं गालाला हात लावला. "मारलं का, हे सगळ्यांनी विचारलं. का मारलं, हे विचारायला तुम्हीही आला नव्हतात."

"आता आले ना."

"चहा घेणार? मला करता येतो. मुलगी अमेरिकेत, बायको वारल्यापासून मीच करतो."

एरवी ती परक्याच्या हातचा चहा घेत नसे. आज घेतला. साखर फार होती, त्यावरही ती काही बोलली नाही. निघताना दारात म्हणाली, "घरी तोंड उघडत नव्हते, ते खरं हाय. मी उघडूच दिलं नाय."

"अहो बाई, बसा अजून थोडं," म्हातारा म्हणाला. ती जिना उतरू लागली होती.

बसमध्ये तिला वाटलं, घरी गेल्याबरोबर त्यांना विचारावं, माझ्यासाठी मारली, मग मला का नाही सांगितलं? स्वारगेट मागं पडलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की विचारायचं कुणाला.

घरी माणसं जमली होती. इंद्रजीतनं पेढे आणले होते. "वकीलबाईंचा फोन आला होता. भेटले का ते दिगंबर, आजी?"

"दाराला कुलूप हुतं."

"मग रविवारी मी बाइकवर नेतो ना. डायरेक्ट कबूल करायला लावू त्यांना."

"काय गरज नाय."

शेजारची यमुनाबाई पेढा मोडत म्हणाली, "आता तरी लोकांना पटलं, सोजरबाई, की दत्तोबांनी हात उचलला नव्हता."

सगळे तिच्याकडं बघत होते. हे वाक्य आजवर तिनंच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. खरं सांगितलं असतं, तर दत्तोबांनी तिच्यासाठी केलेली ती एक गोष्ट पुन्हा कागदावर गेली असती, पुन्हा कुणीतरी त्यांना दोषी धरलं असतं.

"नव्हताच," सोजरबाई म्हणाली, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.