प्लगच्या वायरींचा मानपान

गोंडपिपरीच्या सोमाजी मिस्त्रीनं प्रफुलभाऊंच्या जुन्या फियाटला मिरवणुकीसाठी नवा एक्झॉस्ट हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाईप, बसवला. प्लगच्या वायरी जोडल्या एक, तीन, चार, दोन अशा. इंजिनाचे चार सिलिंडर त्याच क्रमानं पेटतात. पण भाऊ पडले माजी सभापती, मंचावरच्या खुर्च्याही मानाप्रमाणे मांडून घेणारे. बॉनेटमध्ये डोकावून ते भडकले.

"दोन नंबर शेवटी काऊन? ओळीनं लाव!"

"भाऊ, इंजिनले मानपान नाई समजत."

"मले समजते!"

सोमाजीनं कपाळावर हात मारून वायरी ओळीनं लावल्या. चावी फिरताच हेडरातून धडाधड बार उडाले आणि गाडी गप्प झाली. कार्यकर्त्यांनी फटाके समजून टाळ्या वाजवल्या, मग गावभर गाडी ढकलली. आत भाऊ हात हलवत राहिले.

सोमाजी चरफडला, "याले इंजिन पाह्यजेच कायले?"