कोऱ्या कागदाची उशी

मी एक जुनी उशी आहे, पण मित्रांनो, माझ्यावर आजवर कुणी डोकं टेकलेलं नाही. मी जेमतेम तळहाताएवढी. १९९४ साली अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात एका घरात कांचनने आपल्या मुलीसाठी, आरोहीसाठी, हिरव्या इरकलीच्या तुकड्यातून मला शिवलं आणि पोटावर खिसा लावला. तिकडची मुलं पडलेला दुधाचा दात उशाखाली ठेवतात. रात्री परी येते, दात नेते आणि नाणं ठेवते. तो दात नीट राहावा, एवढंच माझं काम.

आरोहीचा पहिला दात जेवताना पडला. तो ओट्यावर ठेवून ती मला आणायला वर धावली. तेवढ्यात साताऱ्याहून आलेल्या तिच्या आजीने, जाईबाईंनी, तो उचलला. त्यांच्याकडे दुधाचा दात छपरावर टाकतात. त्यांनी अंगणात जाऊन नेम धरला, दात वर भिरकावला आणि समाधानाने हात झटकले.

"आजी, दॅट वॉज माइन," आरोही म्हणाली. ती रडली नाही, तेच वाईट होतं. वर्गात सगळ्यांकडे परी येऊन गेली होती, हिच्याकडेच यायची राहिली होती. आता दातच नाही, तर ती येईल कशाला?

राजीवने, तिच्या बाबांनी, शिडी लावून पन्हळ चाचपली. हाती ओली पानं आली.

जाईबाई ओशाळल्या. ही परी कोण, आपल्याकडे तर कधी आली नाही, असं त्यांनी विचारलं. राजीवला शब्दांचं मूळ शोधायचा नाद. त्याने जाड शब्दकोश काढला. आपली परी फारसीतून आली आणि इंग्रजीतली फेअरी लॅटिनमधून. दोघी दिसायला बहिणी, पण नात्यातल्या नाहीत. फेअरीचं मूळ नशीब ठरवणाऱ्या बायांमध्ये आहे. त्या पाळण्याशी येऊन बाळाचं आयुष्य ठरवतात, असं युरोपात मानत.

"मग ही आपली सटवाईच की," जाईबाई म्हणाल्या. "पंख तेवढे इकडे आल्यावर फुटले असतील."

सगळे हसले. आरोही हसली नाही. "विल शी कम?"

एवढं इंग्रजी जाईबाईंना कळलं. सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, हे त्यांनी नातीला सांगितलं. मग कागदाची घडी आणि पेन्सिलीचा तुकडा माझ्या खिशात सरकवला. "दात नसला म्हणून काय झालं? तिला लिहायला तर लागेल."

सकाळी खिशात नाणं होतं. कागद मात्र कोराच. आरोहीने तो उलटून पाहिला, खिडकीशी धरला.

"तिचं लिहिलेलं आपल्याला दिसत नाही, बाई," जाईबाई म्हणाल्या. "पण आली होती ना?"

आरोहीने दाताच्या खिंडारातून जीभ काढून मान डोलावली आणि कागद घडी करून परत माझ्या खिशात ठेवला.

पुढे मी शाळेत मिरवले, बाकीचे दात सांभाळले. मग दात संपले आणि मी मोज्यांच्या खणात गेले. तक्रार नाही; खण उबदार होता.

गेल्या आठवड्यात आरोहीने मला बाहेर काढलं, उसवलेला खिसा शिवला आणि आपल्या धाकट्या मुलाच्या, अथर्वच्या, हातात दिलं. मित्रांनो, जुन्या वस्तूचा खिसा रिकामा करण्याआधी कुणाला तरी विचारत जा. अथर्वला आत पिवळा पडलेला कागद सापडला. इट्स ब्लँक, म्हणून तो टाकायला निघाला.

आरोहीने त्याचा हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, "कोरा नाहीये तो. ठेव परत."