समीनाची पदवी आणि अब्बांचा काटा

“ज्याचं दुकान त्याचाच काटा! कयामत आली तरी असा सौदा होणार नाही!” मलकापूरचे कापूसवाले कय्यूमसेठ आपल्या दुकानात, आपल्याच काट्याला टेकून गरजले.

त्यांच्या मुलीला, समीनाला, स्वतंत्र विद्यापीठात इंजिनिअर व्हायचं होतं. ते स्वतःच शिकवतं, पदवीही स्वतःच देतं. अब्बांना संलग्न कॉलेज हवं होतं. तिथे शिकवणारे वेगळे, पदवी देणारे वेगळे.

“अब्बा, शेतकरी आपल्या काट्यावर कापूस काऊन टाकतात?”

“माह्या इमानावर, बेटा.”

“मंग तिथलं इमान पाहून तं या!”

कय्यूमसेठ बोटांत कापसाचा धागा ओढत राहिले.

“उद्या पाहून येऊ. खरं निघालं तं जाय,” ते हळूच म्हणाले. “पण जायच्या आधी, तू रोज हा काटा शून्यावर कसा आणते, तेवढं मले शिकवून जाय.”