सहादेव अण्णांची मॅट्रिक

कौठवाडीच्या सहादेव अण्णांना आमदार गोरक्षनाथांचं बरं झालेलं बघवत नव्हतं. आता गोड बोलून झाकायचं कशाला, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. आमदारांच्या जीपचा हॉर्न शिवेवर वाजला की अण्णांच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. चुलीपुढून त्यांची बायको मनकर्णा म्हणायची, आलं वाटतं तुमचं दुखनं. आणि अण्णा मुकाट्यानं मळ्याकडे चालू लागायचे.

दोघं एका वयाचे, एका गावचे, नगरच्या एका बोर्डिंगात शेजारी शेजारी झोपलेले. गणितात अण्णा पुढे. गोरक्षनाथ त्यांच्या वहीतून उदाहरणं उतरवून घ्यायचे, आणि तेही चुकवायचे. पण अठ्ठेचाळीस साली ऐन मॅट्रिकच्या तोंडावर अण्णांना विषमज्वर झाला आणि बैलगाडीत घालून त्यांना घरी आणावं लागलं. गोरक्षनाथ परीक्षेला बसले आणि काठावर का होईना, पास झाले. अण्णांचे वडील थकलेले, शेत बघायला दुसरं कुणी नाही, त्यामुळं परीक्षा राहिली ती राहिलीच.

राहिलं ते राहिलं, माणूस विसरतो. पण गोरक्षनाथ विसरू देतील तर ना! बासष्ट साली जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक झाली, तिथं ते अण्णांना एक्केचाळीस मतांनी भारी पडले आणि थेट शिक्षण समितीवर जाऊन बसले. गावोगाव शाळाखोल्यांचे नारळ फोडत फिरले. सदुसष्टला आमदारकीसाठी पक्षाकडे ह्याच दोघांची नावं होती. मुंबईचे निरीक्षक डाकबंगल्यावर उतरले, त्यांनी दोघांना समोर बसवून शिक्षण विचारलं. गोरक्षनाथ म्हणाले, मॅट्रिक. अण्णा म्हणाले, मॅट्रिकपर्यंत. निरीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते अण्णांनी पाहिलं नव्हतं, तरी त्यांना ते पाठ होतं. तिकीट गोरक्षनाथांना मिळालं आणि ते निवडून आले.

बहात्तरला अण्णा इरेला पेटून अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं छत्री. पाऊस आधीच रुसलेला, त्यात ही छत्री भिंतीभिंतीवर रंगवलेली. लोक म्हणाले, उरलासुरला पाऊस होता तोही अण्णांनी पळवून लावला. अण्णांची अनामत गेली, गोरक्षनाथ दुसऱ्यांदा आमदार झाले. पुढं खरंच पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली, माणसं खडी फोडायला गेली. अशात एक दिवस बातमी आली की सरकारनं गोरक्षनाथांना पुण्याच्या मॅट्रिक बोर्डावर घेतलंय. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. ज्यानं माझ्या वहीतून गणितं उतरवली, तो आता सगळ्या पोरांच्या परीक्षा घेणार, एवढं एकच वाक्य ते गोठ्यातल्या रिकाम्या दावणीला ऐकवत बसले. मग त्यांच्या डोक्यानं एक हिशेब मांडला. त्याच्यात नि माझ्यात फरक कसला? अक्कल त्याला माझ्यापेक्षा जास्त नाही, जमीन नाही, बोलणं नाही. फरक आहे तो एका कागदाचा. तो कागद मिळवला की पुढच्या खेपेला तिकीट मागताना कोणाच्या बापाला भ्यायला नको. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते गावच्या शाळेतल्या डोळस मास्तरांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, मला बाहेरून मॅट्रिकला बसायचंय. मास्तरांना आधी वाटलं, अण्णा पोराबद्दल बोलतायत. मग ध्यानात आलं की त्रेचाळीस वर्षांचा हा बाप्या स्वतःबद्दलच बोलतोय, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. अण्णांनी त्यांच्याकडून शपथ घेतली, की कुणाला कळता कामा नये. आमदाराला तर नाहीच नाही. पास झाल्यावर तो कागद आपल्या हातानं त्याच्या नाकावर टिच्चून दाखवायचा होता.

मग सुरू झाला अभ्यास. शेतात काम नव्हतंच, गोठा रिकामा होता, तिथं अण्णा पोराची पुस्तकं घेऊन बसायचे. भूमिती जमली, इतिहास जमला, इंग्रजीनं मात्र घाम काढला. मनकर्णेला चार दिवसांतच कळलं. एवढा जप माझ्या नावाचा केला असता तर मी कवाच पावले असते, असं ती म्हणाली, पण चहा मात्र वेळच्या वेळी गोठ्यात पोचवू लागली. नवरा निदान चिडचिड सोडून काहीतरी करतोय, ह्याचंच तिला बरं वाटत होतं. तिला काय माहीत, अण्णा पुस्तकाच्या पानापानावर त्या एकाच माणसाचं तोंड बघत होते.

मार्चमध्ये परीक्षा आली. केंद्र मुद्दाम नगरचं घेतलेलं, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. मुक्काम केडगावला बहिणीकडे, साळूबाईकडे. गावात सांगितलं, घोडेगावच्या बाजाराला बैल बघायला जातोय. आता त्या साली घोडेगावला जो तो बैल विकायला जात होता, घ्यायला जाणारे अण्णा एकटेच! गावानं दोन तर्क बांधले. एक, अण्णा पक्ष बदलतायत. दुसरा इथं सांगण्यासारखा नाही.

पहिल्या दिवशी अण्णा वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, परीक्षकच आले. अण्णा शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एक खसखस पिकली आणि मग पेपर वाटले गेल्यावर जो तो आपापल्या कामाला लागला. पुढचे दिवस बरे गेले. राहिला गणिताचा पेपर. तो तर घरचाच, त्यात ऐंशीच्या खाली यायचं नाही, असं अण्णांनी साळूबाईला बजावून सांगितलं होतं.

गणिताच्या दिवशी तासभर झाला असेल. पाच उदाहरणं सुटली होती, सहावं हातात होतं. बाहेर जीप थांबली. हॉर्नवरूनच अण्णांनी ओळखली. बोर्डाचे सभासद केंद्रांची पाहणी करत फिरतायत, असं सकाळी कुणीतरी बोलत होतं, ते अण्णांनी ऐकून सोडून दिलं होतं. आता पांढरी टोपी दारातून आत आली, मागं दोन साहेब. अण्णांनी मान इतकी खाली घातली की नाक कागदाला लागलं. पावलं बाकांमधून हळूहळू येत गेली आणि त्यांच्याजवळ थांबली. एका हातानं त्यांची प्रश्नपत्रिका उचलली, परत ठेवली. मग तोच हात त्यांच्या खांद्यावर पडला, दोनदा थोपटलं, आणि चालू द्या म्हणून पावलं पुढं गेली.

झालं. अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. ओळखलं त्यानं. ओळखून हसला असणार. आता जीपमध्ये त्या दोन साहेबांना सांगत असणार, की बघा, माझ्या विरोधात उभा राहतो तो हा, म्हातारपणी मॅट्रिकला बसलाय. सहावं उदाहरण तिथंच राहिलं. पुढची वाचली, पण अक्षरं डोळ्यांपुढं ठरेनात. सोडवलेल्या पाचांपैकी दोन त्यांनी रागाच्या भरात खोडली आणि पुन्हा सोडवायला घेतली, ती चुकवली. वेळ संपायच्या आत उत्तरपत्रिका देऊन ते बाहेर पडले आणि केडगावपर्यंत उन्हात पायी चालत गेले.

एप्रिल, मे असे गेले की विचारू नका. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून अण्णा वाट बघत होते. गोरक्षनाथ दुष्काळी कामांवर दोनदा गावात आले, रामराम केला, पाण्याच्या टँकरचं बोलले, निघून गेले. अण्णांना वाटलं, मुरलेला आहे, राखून ठेवतोय, निकालाच्या दिवशी काढेल.

जूनमध्ये निकाल लागला. पेपरात पास झालेल्यांचे नंबर छापून आले आणि त्यात अण्णांचा नंबर होता. त्यांनी तो तीनदा वाचला, मास्तरांकडून चौथ्यांदा वाचून घेतला. पंचवीस वर्षं उरावर असलेला धोंडा उतरला आणि ते डोळस मास्तरांच्या ओट्यावर लहान पोरासारखे रडले. पुढं गुणपत्रिका आली तेव्हा मात्र गणितापुढं एक खूण दिसली. मास्तरांनी समजावलं, एकोणतीस पडले होते, सहा ग्रेसचे देऊन पस्तीस केलेत. एरवी एवढे देत नाहीत. यंदा दुष्काळी भागातल्या पोरांसाठी वाढवून द्यावेत म्हणून आपल्या आमदारांनीच बोर्डाच्या बैठकीत लावून धरलं होतं म्हणे.

मास्तर कौतुकानं सांगत होते आणि अण्णांच्या मुठीत गुणपत्रिका चुरगळत होती. म्हणजे हे असं होतं तर. खांदा थोपटला तो ह्यासाठी. मला नापास बघून त्याला समाधान झालं नाही, त्याला मला उपकाराखाली गाडायचं होतं. मॅट्रिकही त्याच्याच हातची घ्यायची! त्यांनी गुणपत्रिका खिशात घातली आणि तडक आमदारांच्या घरची वाट धरली.

ओसरीवर पंधरावीस माणसं बसलेली. कुणाची मजुरी थकलेली, कुणाला टँकर हवा. मधे गोरक्षनाथ बनियनवर, गळ्यात पंचा, दाढी वाढलेली. अण्णांनी गुणपत्रिका त्यांच्यापुढं टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमदारसाहेब, हे तुमचं तुमाला परत. सहा मार्कांची भीक मला नको."

गोरक्षनाथांनी चष्मा चढवला, कागद वाचला, पुन्हा नाव वाचलं.

"अण्णा, हे तुमचं हाय? तुमी बसला हुता?"

अण्णा म्हणाले, नाटक पुरे. नगरच्या केंद्रावर माझ्या खांद्यावर हात कुणी ठेवला?

गोरक्षनाथ खरोखर आठवायला लागले. कपाळ चोळलं, छपराकडे पाहिलं. त्या दिवशी नऊ केंद्रं केली, उन्हानं डोकं दुखत होतं, वर्गावर्गात एखाद्याला थोपटत पुढं जात होतो, असं त्यांनी सांगितलं. तुमच्यासारखं माणूस बसलेलं ध्यानात राहायला पाहिजे होतं, पण नाही राहिलं. आणि ग्रेसचं म्हणाल, तर पाथर्डीकडच्या एका केंद्रावर पोरी बघितल्या, खडी फोडून हाताला फोड आलेले, त्यांना पेन धरवत नव्हता. त्या पोरी डोळ्यांपुढून हलेनात म्हणून बैठकीत भांडलो.

अण्णांचा आवाज एकदम उतरला. बोर्डिंग सुटल्यापासून जे नाव त्यांनी तोंडावर घेतलं नव्हतं, तेच तोंडातून निघालं.

"गोरक्षा, खरं सांग. माझ्यासाठी नव्हतं?"

"न्हाई रे, सहादेवा. खोटं कशाला बोलू? तू माझ्या डोक्यातबी नव्हतास."

त्यात खोच नव्हती. तीच तर पंचाईत. खोच असती तर अण्णांना पुढची दहा वर्षं पुरली असती. गोरक्षनाथांनी आत हाक मारून बायकोला, केशरबाईंना, साखर आणायला सांगितली, जमलेल्यांना कागद दाखवला, ह्या वयात परीक्षा दिली, मला जमलं नसतं, गणितं मी ह्याच्याच वहीतून उतरवायचो, असं सगळं स्वतःच सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी साखर तोंडात टाकली, गुणपत्रिकेची घडी केली आणि घरी आले.

मनकर्णा दारात वाट बघत उभी होती. भांडण झालं का, तिनं विचारलं. नाही म्हणाले. मग काय बोलले आमदार? अण्णा खाटेवर टेकले आणि झालेलं सगळं सांगितलं. अकरा वर्षं रोज सकाळी उठून ज्या माणसाशी ते भांडत होते, त्या माणसाला भांडणाचा पत्ताच नव्हता. मनकर्णेनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि समजुतीनं म्हणाली, बरं झालं की मग, आता तुमीबी सोडा त्यांचा नाद.

अण्णांनी तांब्या हातात घेतला, पण पाणी पिववेना.

"सोडू कसं? मला एक रात बिनघोर झोप न्हाई त्याच्या पायी. आन त्याच्या डोक्यात मी न्हाईच. एवढं मोकळं डोकं, मनकर्णे," ते म्हणाले, "तेबी त्यालाच मिळालं."