फुलर्स गॅपचा बारावा माणूस

बेटाच्या राजधानीतून, किंग्स्टनच्या कुठल्याशा कचेरीतून कागद आला की फाट्यावर फुलर्स गॅपचा बोर्ड लागणार. वर गावाचं नाव, खाली इतिहासाच्या चार ओळी, शेवटी लोकसंख्या. लिहायचं काम आपसूक मिस आर्डिसकडे आलं. गावातली शाळा बंद पडली तरी गावाच्या बाई त्याच होत्या.

इतिहास एका बैठकीत झाला. गुलामी उठल्यावर सहा कुटुंबांनी ही टेकडी घेतली, कॉफी लावली, चर्च बांधलं, मग पोरं शिकली आणि इंग्लंडला गेली. शेवटचं त्यांनी खोडलं. खरं होतं, पण बोर्डावर शोभलं नसतं.

अडलं ते आकड्याशी. बाई चार दिवस टेकडीभर फिरल्या. घरं भरपूर, त्यातली निम्मी इंग्लंडहून आलेल्या पैशातून बांधलेली, सिमेंटची, नवीकोरी, दारांना कुलपं. एकेकाळी बाईंच्या एका वर्गात साठ पोरं कोंबलेली असत. आता सगळं गाव मोजताना दोन्ही हातांची बोटं संपून वर फक्त दोघं उरली. बारा. बारावं नाव त्यांनी सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहिलं: आर्डिस पिनॉक.

मग खात्री करायला त्या मास टॅनीकडे गेल्या. टेकडीवर वडीलधाऱ्या पुरुषाला 'मास' म्हणत, जसं बाईला, लग्न झालं तरी, 'मिस'. ऐंशीचा म्हातारा, पण कुणाची नाळ कुठल्या झाडाखाली पुरली आहे हे त्याला तोंडपाठ. नाळेवर लावलेलं झाड त्या पोराचं, आणि पोर गावाचं.

"चौतीस," मास टॅनी म्हणाला.

"चौतीस? अहो, डेल्वर्टला बर्मिंगहॅमला जाऊन चाळीस वर्षं झाली!"

"तो गेला. त्याचा नीरफणस गेलाय का? बघा, कसा लगडलाय."

"बोर्डावर झाडं नाही मोजायची, मास टॅनी. रात्री इथं झोपतात ती माणसं."

"मग बोर्ड लावताय कशाला? गावाची अब्रू घालवायला?" तो कुरकुरला, पण बोटांवर मोजू लागला. स्वतःला धरून, दुकानवाल्या मिस क्युलेटाला धरून, ज्याच्याशी वीस वर्षं अबोला होता त्या मेहुण्यालाही धरून. "अकरा."

बाईंची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली.

"अजून कुणी?"

"अजून कुठून आणू? मेलेले मोजू?" मग त्यानं मायेनं विचारलं, "नाताळला घरी जाणार ना, बाई? समुद्राकडं?"

एक्कावन्न वर्षं तो दर नोव्हेंबरात हे विचारत होता. बाईंना वाटायचं, विचारायची रीत असते. तेविसाव्या वर्षी त्या समुद्रकाठून इथं शिकवायला आल्या, इथंच लग्न केलं, इथंच नवऱ्याला पुरलं. समुद्राकडं आता त्यांना ओळखणारं कुत्रंही उरलं नव्हतं. आणि हा अजून त्यांना पाहुणीच समजत होता.

"बघू," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी बारावं नाव खोडायला रबर घेतलं. शेजारच्या घराची खिडकी बंद, त्यापलीकडच्याचीही बंद. दोन्ही घरांच्या किल्ल्या बाईंच्याच खुंटीला. रबर हातात धरून त्या बराच वेळ बसल्या. तेवढ्यात रंगाऱ्याचा फोन आला.

"आकडा सांगा, बाई."

"बारा," त्या म्हणाल्या. जरा मोठ्यानंच.

बोर्ड लागला आणि मिस क्युलेटाच्या दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"बारावा कोण?"

"डेल्वर्ट चोरून परत आला असेल."

"तो? तो आला असता तर बंदरापासून बँड लावून आला असता."

"पाद्री धरला असेल."

"पाद्री खालच्या गावचा. रविवारी येतो, कोंबडी खातो, जातो."

"सरकारचं काम," मास टॅनी म्हणाला. "त्यांना डझनाशिवाय मोजता येत नाही."

बाई खारवलेला मासा घ्यायला उभ्या होत्या. मिस क्युलेटानं मासा कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तुम्हीच मोजलंत ना, बाई? सांगा की, कोण तो?"

"मी."

मिस क्युलेटा खदखदून हसली, फळीवर हात आपटून.

"अहो, तुम्हाला कोण मोजतंय! तुम्ही तर असताच!"

मास टॅनीही हसला. एवढंच होय, असं कोडं सुटल्याच्या चेहऱ्यानं. बाईही हसल्या, मासा घेऊन निघाल्या.

ती बोलली ते चांगलं की वाईट, हे दोन वळणं चढेपर्यंत त्यांना ठरवता येईना. तिसऱ्या वळणावर दम लागला, तशा त्या कठड्यावर टेकल्या. खालचं हसू अजून ऐकू येत होतं. मागून "थांबा, बाई" अशी कुणी हाक मारेल म्हणून नव्हे, आपली धाप ओसरावी म्हणूनच, त्या जरा जास्त वेळ बसल्या.